तोंडावरचे ऊन

दरवर्षी ११ मेच्या आसपास मोहोळमध्ये सावली हरवते. घड्याळात दुपारचे साडेबारा वाजायच्या बेतात असतात. स्टँडसमोरच्या विजेच्या खांबाची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी जाते आणि दिसेनाशी होते. गाव साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. एकदा मेमध्ये आणि परतीच्या वाटेवर पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. मेमधला दिवस निदान शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना ठाऊक असतो. ऑगस्टमधला ढगाआड निघून जातो, त्याची कुणी दखल घेत नाही. पण तोंड भाजायचे असेल तर तो दुसरा दिवसही काही कमी नसतो.

विषय तसा घरगुती आहे. उन्हाळा लागला की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते, "तोंड भाजणार नाही असं काहीतरी द्या." कधी स्कूटीवरून सोलापूरला कॉलेजला जाणारी मुलगी मागते, कधी लग्नसराईत सतत उन्हात उभा असलेला फोटोग्राफर, तर कधी रोजाने बागेत जाणारी बाई. दुकानदार फळीवरून तीन-चार ट्यूब काढून मांडतो. एकीवर ३० लिहिलेले, दुसरीवर ५०, तिसरीवर ५०च्या पुढे अधिकचे चिन्ह. "दादा, ह्यातली कुठली खरंच लागू पडती?" असे बाई विचारते. दुकानदार सगळ्यात मोठ्या आकड्याकडे बोट दाखवतो. त्याचेही बिचाऱ्याचे चूक नाही, आकड्याशिवाय त्याच्या हातात दुसरे काही नसते. परंतु त्या आकड्याचा अर्थ काय, तो कुणाच्या कातडीवर काढला आणि मोहोळच्या उन्हात त्यातला किती शिल्लक राहतो, हे पाहिल्याशिवाय त्या बाईला उत्तर देता येत नाही.

आधी उन्हाचेच पाहू. उष्णता आणि अतिनील किरण ही दोन वेगळी बिऱ्हाडे आहेत. एकाच घरात राहतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. पारा ४२-४३ अंशांवर गेला की आपण तोंड झाकतो आणि थंडीत हुरड्याला गेलो की दिवसभर उघड्या तोंडाने ज्वारीच्या रानात बसतो. कातडी भाजते ती मात्र अतिनील किरणांनी, आणि ते हाताला गरम लागत नाहीत. त्यांच्या तीव्रतेसाठी जगभर एक निर्देशांक वापरतात. त्यात ८ ते १० म्हणजे अतिशय जास्त आणि ११च्या पुढे म्हणजे पराकोटीचा. आपल्या अक्षांशावर आकाश निरभ्र असेल तर मेमधल्या दुपारी तो ११ सहज ओलांडतो आणि ऐन जानेवारीतल्या सुखद दुपारीही आठच्या घरात असतो. पातळ ढगांतून यातले बरेचसे किरण खाली येतातच. आषाढी वारीत ढगाळ हवेत चालणाऱ्या माणसाचे नाक पंढरपूर येईपर्यंत सोलून निघते, त्याचे कारण हेच.

निर्देशांक बघायला हवामान खात्याची गरज नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की अतिनील किरणांचा जोर आहे असे समजावे. ही खूण शेतातल्या माणसाला सगळ्यात सोयीची, कारण त्याच्या पायाशी ती दिवसभर असतेच.

आता भाजण्याविषयी. 'ऊन भाजतंय' असे आपण म्हणतो ते बहुधा उष्णतेला. तव्याचा चटका बसला की हात तत्क्षणी मागे येतो. उन्हाचे तसे नाही. अतिनील किरण वरच्या थरातल्या पेशींच्या गाभ्याला इजा करतात आणि शरीर त्या इजेला उत्तर देते ते चार-सहा तासांनी. आग, लाली, सूज सगळे रात्री सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चढत जाते. त्यामुळे उन्हात असताना 'काही नाही होत' असे वाटते ते खरेच असते. होते ते नंतर.

त्यात आपली कातडी सावळी. सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही हा समज अर्धा खरा आहे. मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य काही किरण अडवते, म्हणूनच त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. ऑस्ट्रेलियातली भीती जशीच्या तशी मोहोळला आणण्याचे कारण नाही. पण अडवण्याला मर्यादा असते. आपल्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, एवढाच काय तो फरक. गालाची हाडे आणि नाकाचा शेंडा चुरचुरतो, तोंड धुताना पाणी झोंबते, कातडी ताणल्यासारखी वाटते, चार दिवसांनी पापुद्रे निघतात. लाली दिसली नाही म्हणून त्याला कुणी भाजणे म्हणत नाही. "ऊन लागलं," म्हणतात आणि विसरतात.

काहींना विसरता येत नाही. कोडाच्या पांढऱ्या डागांत रंगद्रव्यच नसते. ते डाग मेच्या उन्हात थोड्या वेळात भाजतात. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या पांढऱ्याफटक मुलांची तर बाराही महिने तीच स्थिती आणि त्यांना कर्करोगाचा धोकाही खराखुरा असतो. त्या मुलांसाठी सनस्क्रीन ही शोभेची वस्तू नाही, औषध आहे. आणि तिशी-चाळिशीतल्या बायकांच्या गालांवर येणारे वांग, जे उन्हात वाढते आणि सहजी जात नाही, त्याने कितीजणींना आरशासमोर उभे राहणे नकोसे केले आहे, हे कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे.

मलम लावून ऊन अडवायची कल्पना फार जुनी नाही. फ्रान्झ ग्रायटर नावाचा एक ऑस्ट्रियन रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ साली आल्प्समधल्या पिझ ब्युइन या शिखरावर चढताना बर्फावरच्या उन्हाने भाजून निघाला आणि पुढे १९४६च्या सुमारास त्याने स्वतःचे क्रीम बाजारात आणले, अशी कथा आहे. ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा जगात रूढ केला तोही त्यानेच. १९७८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो स्वीकारला आणि मग तो सगळीकडे गेला. म्हणजे आज मोहोळच्या फळीवर दिसणाऱ्या आकड्याचे मूळ गोऱ्या माणसाच्या, बर्फावर भाजलेल्या तोंडात आहे.

तो मोजतात कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. निदान दहा माणसे घेतात. त्यांच्या पाठीवर क्रीम लावतात. दिव्यातून अतिनील किरण सोडतात. दुसऱ्या दिवशी, क्रीम लावलेल्या जागी लाली यायला उघड्या जागेपेक्षा किती पट किरण लागले ते पाहतात. तीस पट लागले तर आकडा ३०. माणसे फिक्या कातडीची निवडतात, कारण लाली त्यांच्यावर स्पष्ट दिसते. आणि क्रीम लावायचे ते मोजून, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. चेहरा, कान आणि गळा मिळून त्या हिशेबाने सव्वा ग्रॅमच्या आसपास क्रीम लागते. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढली तर होते तेवढे. आपण लावतो किती? वाटाण्याएवढे. अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसले आहे की लोक चाचणीतल्या थराच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात. थर निम्मा झाला की आकडाही निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणजे ५०ची ट्यूब विकत घेऊन आपण घरी २०-२५चे, कधी १०चेच क्रीम लावून निघतो. त्यानंतर घाम. त्यानंतर रुमालाने पुसणे. दोन तासांनी पुन्हा लावायचे असते, ते राहून जाते.

आकड्यांची आणखी एक गंमत. बरोबर थर लावला तर १५चे क्रीम लाली आणणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३०चे ९७ आणि ५०चे ९८. तीस आणि पन्नास यांच्यातला फरक कागदावर एवढासाच. पण आपण पातळ लावणार हे गृहीत धरले तर मोठा आकडा घेणे शहाणपणाचे ठरते, कारण घसरगुंडीला वरूनच सुरुवात केलेली बरी. यापलीकडे मोठ्या आकड्याची मातब्बरी नाही.

हा आकडा मुळात खरा असतो का? जून २०२५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'चॉइस' या ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन तपासून घेतली. त्यांतली १६ आपल्या लेबलाला उतरली नाहीत. ५०च्या वरचा दावा करणारे एक तर ४वर आले आणि ऑगस्टमध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. तिथे सनस्क्रीन औषधासारखे नियंत्रित होते, तरी ही कथा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे हाच वाद निघाला. हिंदुस्तान युनिलिव्हरने लॅक्मेच्या जाहिरातीत, ऑनलाइन जोरात खपणाऱ्या सनस्क्रीनवरचा ५०चा आकडा चाचणीत २०च भरतो असे सुचवले. 'द डर्मा कंपनी' चालवणारी होनासा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात. दिल्लीत जाहिरातीत बदल करण्याचे युनिलिव्हरने मान्य केले. दोन बड्या कंपन्यांचे वकील आकड्यावरून भांडत असताना काउंटरवरच्या बाईने कुणावर विश्वास ठेवावा? भारतात ही क्रीमे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जातात, लिपस्टिक आणि पावडरच्या पंक्तीत. गिऱ्हाइकाला घरी तपासून पाहायचा मार्ग नाही. म्हणून आकड्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा थर, वेळ आणि बाकीच्या खुणा यांवर ठेवावी, असे माझे मत झाले आहे.

बाकीच्या खुणा अशा. एसपीएफ सांगतो तो मुख्यतः लाली आणणाऱ्या 'बी' किरणांविषयी. 'ए' किरण अधिक खोल जातात, सुरकुत्या आणतात, रंग गडद करतात आणि काचेतूनही आत येतात. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले होते. अठ्ठावीस वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. पुणे-सोलापूर महामार्गावर ट्रक हाकणाऱ्याची उजवी बाजू खिडकीकडे असते, एवढाच फरक. तेव्हा ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा पीए आणि त्यापुढे तीन-चार अधिकची चिन्हे आहेत का ते पाहावे. ही पीएची पद्धत जपानची. घामाचे काम असेल तर पाण्यात टिकणारे, म्हणजे 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले घ्यावे. डोळ्यांत उतरून झोंबणे ही उन्हात काम करणाऱ्यांची मुख्य तक्रार असते. त्यांना झिंक ऑक्साइडचे क्रीम बहुधा जास्त सोसते. ते पांढरे पडते, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखे दिसते आणि ते दिसू नये म्हणून माणूस आणखी पातळ लावतो. मग संरक्षण गेलेच. अशा वेळी कातडीच्या रंगाचे, लोहाचे ऑक्साइड घातलेले क्रीम मिळते ते बरे. वांग असलेल्यांना तर त्याचा दुहेरी फायदा, कारण सावळ्या कातडीत वांग वाढवायला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही कारणीभूत होतो आणि तो अडवायला हा रंगच कामी येतो.

ट्यूब मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. मेमध्ये तिथे भट्टी असते आणि क्रीम फाटते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम लावू नये, त्याला सावलीतच ठेवावे. 'ड' जीवनसत्त्व मिळणार नाही या धास्तीने क्रीम टाळणाऱ्यांनी एवढे पाहावे की हात, पाय आणि मान बहुतेकांची उघडीच असते, आणि तोंडावरही क्रीम आपण लावतो ते असे तुटपुंजे.

पुरुषांविषयी एक शब्द. सनस्क्रीन म्हणजे बायकी काम, हा समज अजून गेलेला नाही. त्याला कारण फळीची मांडणीही आहे. १९७५ साली फेअर अँड लव्हली आली आणि तोंडाला लावायचे क्रीम म्हणजे गोरे व्हायचे क्रीम, हे समीकरण घराघरांत बसले. २०२०मध्ये त्या ट्यूबचे नाव ग्लो अँड लव्हली झाले, समीकरण मात्र तिथेच राहिले. सनस्क्रीन कुणाला गोरे करत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवणाऱ्या मुलीची महिन्याभरात निराशा होते आणि ती ते सोडून देते. उलट टक्कल पडलेल्या, कानांच्या पाळ्या वर्षानुवर्षे उन्हात असलेल्या काकांना त्याची जास्त गरज असते, आणि त्यांच्या डोक्यावर असते गांधी टोपी. या टोपीचे बाकी सारे गुण मान्य, पण तिची सावली नाकावर पडत नाही.

काउंटरवर आणखी एक धोका उभा असतो. "काळं पडलंय, वांग आलंय," म्हटले की काही ठिकाणी स्टेरॉइड मिसळलेले क्रीम हातात ठेवले जाते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, शेजारणी नाव विचारतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे आणि केस येतात आणि ऊन पूर्वीपेक्षा दुप्पट बोचते. क्रीम थांबवले तर आग होते, म्हणून थांबवता येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टेरॉइड क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. नियम झाला, सवय राहिली. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असली नावे वाचता आली तर ती परत करावी. ती उन्हाची क्रीमे नव्हेत.

घरगुती उपायांपैकी कोरफड आणि गार पाण्याच्या घड्या भाजल्यानंतरची आग शमवतात, तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. हळद, मुलतानी माती, खोबरेल यांनी ऊन अडत नाही, निदान मोहोळचे तरी नाही. लिंबू मात्र लावूच नये. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले की त्यातल्या द्रव्याने कातडी भाजते, फोड येतात आणि काळे ओघळ महिनोन्‌महिने राहतात. टॅन घालवायला म्हणून लिंबू चोळून उन्हात निघालेल्यांचे असे हाल होतात. आणि गाजर गवत विसरू नये. हे तण १९५५-५६च्या सुमारास आपल्याकडे पहिल्यांदा नोंदले गेले ते पुण्यात. आज बांधाबांधावर आहे. त्याचे कण हवेतून उडून चेहरा, पापण्या, मानेवर बसतात आणि खाज, जाडसर काळपट चट्टे येतात, तेही उघड्या जागीच. माणूस त्याला उन्हाचा त्रास समजतो आणि सनस्क्रीनवर सनस्क्रीन घासत बसतो. पापण्यांखाली किंवा कानामागे, जिथे ऊन पोहोचत नाही तिथेही चट्टे असतील, तर दोष उन्हाचा एकट्याचा नाही. डॉक्टरांना दाखवावे.

आता पुन्हा त्या रोजाने जाणाऱ्या बाईकडे येऊ, कारण खरा हिशेब तिचा आहे. सकाळी आठ ते दुपारी चार उन्हात. चेहरा आणि गळ्याला सव्वा ग्रॅम, दर दोन तासांनी, म्हणजे चार वेळा. दिवसाला पाच ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. बऱ्यापैकी ट्यूबला चारशे रुपये धरले तर महिन्याला बाराशे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ सालासाठी ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे महिन्यातले जवळजवळ चार दिवस ती फक्त तोंड वाचवायला राबणार. कुठल्याही जाहिरातीत हे गणित नसते आणि कुठलीही बाई ते परवडवून घेणार नाही. तिला ५०ची ट्यूब दाखवणे म्हणजे तिची चेष्टा आहे.

उत्तर तिच्या डोक्यावर आहे. मोहोळहून घटकाभराच्या वाटेवर सोलापूर. तिथल्या चादरींप्रमाणेच टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जाडसर, दाट विणीचा, गडद रंगाचा टॉवेल डोक्यावरून घेऊन गालांवरून गुंडाळला की त्यातून किरण नावापुरतेच जातात. कापडाची ताकद मोजायचे मापही आहे, ते एसपीएफसारखेच. विरळ पांढऱ्या सुती कापडाची ताकद पाच-सातच्या घरात असते, आणि घामाने ओले झाले की तीही उतरते. जीनच्या कापडाची मात्र पन्नासच्या कितीतरी पुढे जाते. उजेडासमोर धरून पाहिले की कळते. पलीकडचे दिसले तर ऊनही जाणार. कॉलेजच्या मुली गाडीवर बसताना बांधतात त्या झिरझिरीत स्कार्फची दोन घड्या केल्याशिवाय किंमत नाही. कापडाला दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही, ते घामाने डोळ्यांत उतरत नाही आणि त्यावरच्या आकड्यासाठी कुणाला हायकोर्टात जावे लागत नाही.

पण कापडाने सगळे झाकत नाही. डोळे, नाक, गालांची वरची हाडे उघडी राहतात, कारण बाईला दिसायला हवे आणि श्वासही घ्यायला हवा. वांग येते ते नेमके तिथे. क्रीमची जागाही नेमकी तेवढीच. चेहरा-गळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उघडा राहतो. दर वेळी अर्ध्या ग्रॅमहून कमी क्रीम लागते, आणि सकाळी निघताना, न्याहारीनंतर व दुपारच्या जेवणानंतर असे तीनदा, पण जाडसर, लावले तर तीच ट्यूब चाळीस दिवस पुरते. दिवसाला दहा रुपये. कापड झाकेल तितके झाकावे आणि उरलेल्या पट्टीवर हात आखडता न घेता लावावे. खरोखर भाजू न देणारे सनस्क्रीन कुठले, याचे मला सापडलेले उत्तर इतपतच आहे. त्यात कंपनीचे नाव शेवटी येते.

मोहोळच्या बागाईतदाराला हे पटवून द्यावे लागू नये, कारण त्याने तो प्रयोग डाळिंबावर करून झाला आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५पासून आहे. आंबे बहाराची फळे उन्हाळ्यात फुगत असतात आणि दुपारनंतरचे ऊन ज्या बाजूवर पडते ती बाजू भाजते. आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा करपलेला चट्टा, आणि आतले दाणेही फिके. फळाच्या बाबतीत किरणांपेक्षा उष्णतेचा हात मोठा असतो, पण व्यापाऱ्याला त्याचे काय? चट्टा पडलेले फळ वेगळ्या क्रेटमध्ये जाते आणि भाव पडतो. म्हणून केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात. बाग चुना लावल्यासारखी दिसते आणि ऊन परतून लावते. पूर्वी फळांवर कागद बांधत, झाडांवर जुन्या साड्या टाकत. अलीकडे ओळीच्या ओळी पांढऱ्या क्रॉप कव्हरने झाकतात. लांबून पाहिले तर रानात कुणी चादरी वाळत घातल्या आहेत असे वाटते. आधी कापड, उरलेल्याला पांढरा लेप, आणि पावसाने धुतला तर पुन्हा लेप.

हे कव्हर अंथरायला बायकांची टोळी येते. अंगात साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, कपाळ आणि हनुवटी त्यात गुंडाळलेली. दोघी कापडाची गुंडाळी उलगडत पुढे जातात, मागच्या दोघी ते ओढून झाडाखाली बांधत येतात. ओळ संपली की बांधावर बसून टॉवेल सोडतात, तोंडावर पाणी मारतात, पुन्हा बांधतात. कव्हरचा खर्च बागेच्या हिशेबात धरलेला असतो, केओलिनचा धरलेला असतो, टोळीच्या मजुरीचाही असतो. टॉवेल ज्याचा त्याने घरून आणायचा असतो.